पिशवी, तराजू आणि उचल

(अंबाजोगाई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, मागच्या दोन वेळा आपण बेंथम आणि मिल यांच्यापाशी थांबलो होतो. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं, सुखाची बेरीज करायची, दुःखाची वजाबाकी करायची आणि बाकी काय उरते ते बघायचं, असा तो एकूण हिशेब. व्याख्यान संपल्यावर एक तरुण डॉक्टर आम्हाला जिन्यात भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही दीड तास जे सांगितलं ते आमच्याकडे दोन शब्दांत आहे. रिस्क-बेनिफिट. नवं औषध असो की नवी शस्त्रक्रिया, जोखमीपेक्षा लाभ जास्त असेल तर करायचं, नसेल तर नाही. यात तत्त्वज्ञानाला काय काम?"

उत्तर जिन्यात देता आलं नाही. सत्तरीनंतर जिना उतरताना माणसाला एकाच गोष्टीकडे लक्ष देता येतं. म्हणून आजचं व्याख्यान.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जोखीम आणि लाभ यांचा विचार करू नये असं आम्ही म्हणत नाही. तो न करणारा डॉक्टर धोकादायकच. आमची हरकत आहे ती 'संतुलन' या शब्दाला, त्यामागच्या तराजूच्या चित्राला. तराजू म्हटला की दोन पारडी आली, दोन्हीकडे एकाच जातीची वजनं आली, आणि मुख्य म्हणजे तराजू धरणारा हात आला. आपण पारड्यांकडे बघत बसतो, हाताकडे कुणी बघत नाही. मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता उदाहरण. युरोप-अमेरिकेतली उदाहरणं पाठ्यपुस्तकांत भरपूर आहेत. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत बसले, पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. त्यातून पुढे 1979 चा बेलमाँट अहवाल आला आणि त्यात माणसाचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं आली. हे सगळं आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवलं. पण शिकवताना खिडकीबाहेर बघितलं नाही, याची रुखरुख आहे. मांजरा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, आपल्या डोळ्यांसमोर, या प्रश्नाची दोन प्रकरणं घडली. आज ती दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

पहिलं पलीकडचं. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. 1999 साली तिथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. प्रश्न असा होता की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर ओळखायला खेड्यापाड्यांत कोणती तपासणी उपयोगी पडेल. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया, गावांचे 52 समूह, आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार गट. एका गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी. आणि चौथ्या गटाला? चौथ्या गटाची तपासणीच नाही. नेहमीची आरोग्यसेवा जी काय मिळत असेल ती.

2009 च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणी झालेल्या 34,126 स्त्रियांपैकी आठ वर्षांत या कॅन्सरनं 34 जणी गेल्या. चौथ्या गटात 31,488 स्त्रिया होत्या, त्यांतल्या 64 गेल्या. म्हणजे लाखामागे साधारण शंभर विरुद्ध दोनशे. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. हे लहान काम नव्हे. गरीब देशांत कोणती तपासणी करावी यावर जगात जी चर्चा झाली, तिच्यात या जिल्ह्याचं नाव पुढे सतत घेतलं गेलं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पहिली तपासणी म्हणून एचपीव्हीचीच शिफारस केली, तिच्यामागच्या पुराव्यांतही या बायकांचा वाटा आहे.

आता तो चौथा गट. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी आपल्याकडच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात 2014 साली उघड आक्षेप घेतला. पॅप स्मिअरनं मृत्यू कमी होतात हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशकं माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे, हे कोणत्या नीतीत बसतं? संशोधकांच्या बाजूचं उत्तरही ऐकून घेतलं पाहिजे, ते पोकळ नाही. ते असं: भारताच्या खेड्यात तेव्हा कोणतीच तपासणी होत नव्हती. चौथ्या गटाकडून आम्ही काही काढून घेतलेलं नाही. प्रयोग झाला नसता तर चारही गट तपासणीविना राहिले असते. शिवाय पॅप स्मिअर इथे चालेल हे गृहीत कसं धरायचं? आणि बघा, निकालही तसाच लागला. पॅप स्मिअरच्या गटात मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. म्हणजे तो प्रश्न खरोखरच उघडा होता.

आम्ही हा वाद बरीच वर्षं मनात घोळवला. तर्काच्या दृष्टीनं संशोधकांचं उत्तर पुष्कळसं टिकतं. पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. 'इथे काहीच नव्हतं' ही गोष्ट ते निसर्गनियमासारखी मांडतात. मॉन्सून उशिरा आला, तसं इथे तपासणी नव्हती. अहो, ती कुणी तरी दिली नाही म्हणून नव्हती! अभाव हा अन्याय असेल तर त्या अन्यायालाच मोजमापाचा पाया करता येईल का? आमचं मत, करता येईल, पण एका अटीवर. ती अट समजायला इंग्रजी ग्रंथ नको, आपल्या जिल्ह्यातला एक शब्द पुरतो: उचल.

उचल म्हणजे काय हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे, ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, हंगामाआधी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. ती तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. आता असं बघा, त्या प्रयोगानं चौथ्या गटातल्या बायकांकडून एक उचल घेतली. तपासणी झाली असती तर त्यांतल्या तीसेक जणी वाचल्या असत्या, असं तेच आकडे सांगतात. ही उचल घेण्याचं समर्थन एकच होतं, की मिळालेलं ज्ञान याच गावांना, याच परिस्थितीतल्या बायकांना परत मिळेल. म्हणजे जोखीम-लाभाचा हिशेब प्रयोगाच्या दिवशी पुरा झालाच नव्हता. तो उधारीवर होता. नीतिसमितीनं मंजुरी दिली त्या दिवशी लाभाच्या पारड्यात एक वचन ठेवलेलं होतं, वस्तू नव्हती.

उचल फिटली का? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया निघाल्या 1.9 टक्के. प्रयोगाचे निष्कर्ष छापून येऊन तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती.

इथे मुंबईच्या हाफकिन यांची आठवण होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केला. पहिली गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, दुसरी घाईघाईनं. कैदी स्वेच्छेनं पुढे आले असं म्हणतात. बाहेर प्लेग आणि आत कुलूप असताना स्वेच्छा म्हणजे नक्की काय असते? पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. हाफकिन यांना पद गमवावं लागलं आणि निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. ते प्रकरण मोठं आहे, पुन्हा कधी तरी. आत्ता 'स्वेच्छा' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. तोच घेऊन आपण मांजरा ओलांडून अलीकडे येऊ.

2019 चा उन्हाळा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, अशा बातम्या देशभर आणि देशाबाहेरही झळकल्या. गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं, अशा धर्तीचे मथळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. आरोग्य खात्याच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे जवळपास 17 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये देशभराचं प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतल्या स्त्रियांचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, त्यामुळे सरळ भागाकार करून 'पाचपट' म्हणायला आम्ही धजणार नाही. पण एवढी तफावत वयानं भरून निघत नाही. विधिमंडळात असंही सांगण्यात आलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या.

गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया मुळात वाईट नाही. अतिरक्तस्राव, मोठ्या गाठी, कॅन्सर अशा वेळी ती जीव वाचवते. भूल, जंतुनाशन, रक्त, प्रतिजैविकं या सगळ्या नवलाईमुळे ती तालुक्याच्या गावी होण्याइतकी सोपी झाली. घोटाळा नेमका तिथेच आहे. शस्त्रक्रिया जितकी सुरक्षित होते, तितकी ती करण्यासाठी लागणारी कारणं हलकी होत जातात. सोनोग्राफीचंही आपल्या जिल्ह्यात हेच झालं. 1958 साली ग्लासगोमध्ये इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ बघण्यासाठी जे तंत्र जगापुढे आणलं, त्याच तंत्रामुळे 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली राहिल्या 807. राज्यात सर्वांत कमी. यंत्राच्या माहितीपत्रकातल्या जोखमीत हा आकडा कुठेच नव्हता. किरणांचा त्रास नाही, दुखत नाही, सुरक्षित!

आता ऊसतोड बाईच्या बाजूनं हिशेब मांडून बघू. दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे मुकादमांनी बळजबरी केली. दुसरी डॉक्टरांची: बायका स्वतःच येऊन म्हणतात, काढून टाका. आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात. पहिलीत बाई निव्वळ बाहुली होते, दुसरीत ती जणू पुण्यातल्या दुकानात साडी निवडणारी गिऱ्हाईक होते.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई, वय तेव्हा चाळिशीच्या आत. मुलाच्या नोकरीचे पेढे द्यायला घरी आली होती. बोलता बोलता आमच्या पत्नीला सांगू लागली. पिशवी काढून दहा वर्षं झाली होती. कंबर धरते, हातपाय आग करतात, मोळी उचलवत नाही. आमच्यातला मास्तर जागा झाला आणि आम्ही विचारलं, "बाई, दुसऱ्या डॉक्टरला का नाही दाखवलं? थोडं थांबायचं होतं." ती हसली. म्हणाली, "सर, थांबायचं कुठं? फडात? पाळी आली की दोन दिस खाडा. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. कोपीत ना न्हाणी ना संडास. डागदर म्हनला, पुढं कॅन्सर हुईल. मी म्हनलं, काढा मग, एकदाचं सुटंल."

मंडळी, या बाईनं जोखीम-लाभाचा विचार केला नव्हता असं कोण म्हणेल? तिनं आमच्यापेक्षा नेमका केला होता. पहाटेपासूनची तोड, अंगावरून पांढरं जाणं, ओल्या कापडाचा संसर्ग, खाड्याचा दंड, आणि पलीकडे एक ऑपरेशन. तिच्या तराजूत लाभाचं पारडं खरंच जड होतं. चूक तिच्या गणितात नव्हती. वजनं दुसऱ्यांनी ठेवली होती. खाडा मुकादमानं ठेवला, संडास नसणं कारखान्यानं ठेवलं, आणि कॅन्सर हा शब्द डॉक्टरनं ठेवला. कित्येकींनी ऑपरेशनचा खर्चसुद्धा मुकादमाकडून उचल घेऊन भागवला, असं त्या वेळच्या वार्तांकनांत आलं होतं. म्हणजे रोजगार बुडू नये म्हणून ऑपरेशन, आणि ते फेडायला पुन्हा ऊस.

यातला डॉक्टरचा शब्द आम्हाला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो ज्ञानाच्या नावानं ठेवलेला आहे. अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं लक्षण, गोळ्यांनी बरं होणारं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही विषाणू वर्षानुवर्षं टिकून राहिला तर. त्याची तपासणी आहे, आणि कॅन्सरपूर्व बदल दिसलेच तर तेवढा भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो, पिशवी जागेवर ठेवून. हे सगळं कुठे सिद्ध झालं? मोठ्या प्रमाणावर, मोजून-मापून, नदीच्या पलीकडे! तिथे त्याच भागातल्या, त्याच बोलीच्या बायकांनी जगाला दाखवलं की कॅन्सर अडवायला पिशवी काढावी लागत नाही. आणि अलीकडे त्याच कॅन्सरचं नाव सांगून, कोणतीही तपासणी न करता, पिशव्या निघाल्या. ज्ञान बार्शीहून फ्रान्सला आणि बोस्टनला जाऊन आलं. केजला आणि धारूरला पोचलं नाही.

पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीत रजोनिवृत्ती ओढवते. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे तिला कुणी सांगितलं होतं का? संमतीच्या कागदावर अंगठा होता म्हणे. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात हाच मुद्दा स्पष्ट केला होता. तिथेही गर्भाशयच होतं. संमती तपासणीपुरती होती, रुग्ण भुलेखाली असताना आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोश काढले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि संमती खरी ठरायला उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला पुरेसे सांगितलेले असले पाहिजेत. निकाल उत्तम आहे. पण तो दिल्लीतल्या, कोर्टात जाऊ शकणाऱ्या स्त्रीचा आहे. तो गृहीत धरतो की माहिती दिली की माणूस मोकळा होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या आईला सगळी माहिती दिली असती, तरी खाडा तिथेच होता. इथे आम्हाला कांटचाही आधार अपुरा पडतो, आणि हे आम्ही कांटवर पीएचडी करून बोलतो आहोत.

उलट्या बाजूचंही एक सांगतो. संमतीला कमी लेखलं तर फक्त माणसाचं नुकसान होतं असं नाही, चांगल्या औषधाचंही होतं. 2009-10 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. काही मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, पण आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या वतीनं वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. प्रकल्प थांबला, 2013 मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले, आणि लसीबद्दल जो संशय बसला तो कित्येक वर्षं गेला नाही. सह्या वाचवायला गेले आणि दशक घालवलं.

बीडमध्ये पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी पिशवी काढू नये असा दंडक आला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. आम्हाला हे योग्य वाटतं. मात्र परवानगीचीही जोखीम असते. खरोखर रक्तस्राव होणारी बाई कागदासाठी ताटकळते, आणि हुशार डॉक्टर तिला शेजारच्या जिल्ह्यात पाठवतो. आणि मुख्य म्हणजे परवानगीनं ऑपरेशन थांबतं, खाडा थांबत नाही. पारड्यातली एक वस्तू उचलली, बाकीची वजनं तशीच.

तर डॉक्टरसाहेब, तुम्ही आज समोर बसला आहात. तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. लाभ जास्त की जोखीम जास्त, हे तुम्ही जरूर मोजा, आमच्यापेक्षा चांगलं मोजाल. पण मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. जोखीम एकीची आणि लाभ दुसरीचा, असं तर नाही ना? लाभ रोख आहे की उधार? आणि हे वजन इथे कुणी ठेवलं? या प्रश्नांना प्रयोगशाळा नाही, म्हणून ते 'वैद्यकीय नाहीत' असं म्हणून पुढे जाऊ नका.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न, एक आशाताई: सर, तुम्ही म्हणता तपासणी पोचली नाही. पण आम्ही शिबिर लावतो तेव्हा बायाच येत नाहीत. वरून आम्हालाच बोलणी बसतात.

उत्तर: ताई, शिबिर कोणत्या महिन्यात लावता?

आशाताई: आदेश येतो तेव्हा. मागचं डिसेंबरात होतं.

उत्तर: डिसेंबरात गावात कोण असतं? म्हातारी माणसं आणि लेकरं. बाया कोल्हापूरला, सांगलीला, कर्नाटकात फडावर. तुम्हाला बोलणी का बसावीत, ज्यानं तारीख काढली त्याला बसावीत. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिलेली आहे. मग शिबिर दसऱ्याच्या आधी घ्या, टोळ्या निघायच्या आत, म्हणजे गोळ्या लागल्या तर त्या घेऊन जातील. ज्यांचं राहून गेलं त्यांच्यासाठी आरोग्य खात्यानं साखर कारखान्याच्या तळावर जावं. ट्रॅक्टर पोचतो, टायरगाडी पोचते, तिथे नमुन्याची डबी पोचायला काय हरकत आहे? हे लेखी द्या, आम्ही सही करतो. आज अजून कुणाला सही करायची असेल तर कागद दाराशी ठेवलेला आहे.